वाळू, सोडा आणि तिसरा हिस्सा

वडिलांनी जाताना गाडी तिघांना दिली होती, हे दोघांच्या कधी लक्षात राहिलं नाही. थोरला म्हणायचा, अर्धी माझी. धाकटा म्हणायचा, अर्धी माझी. दोन अर्ध्या झाल्या की तिसरीला काय उरतं, हे दुसरीतलं पोरही सांगेल. पण गणित बहिणीपाशी आलं की भल्याभल्यांची पाटी फुटते.

ही बहीण, म्हणजे घरातल्या पोरांची आत्या, मधली. थोरल्याच्या पाठची, धाकट्याच्या आधीची. तिने इतकी वर्षं हे ऐकून घेतलं ते गरीब गाय होती म्हणून नव्हे. तिला वेळ नव्हता. शहराची बस चालवायची, बाईमाणूस म्हणून रोज टोमणे ऐकायचे आणि दुप्पट करून परत द्यायचे, ह्यात माणसाचा जन्म जातो. गेल्या महिन्यात ती निवृत्त झाली. डेपोने भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, ते तिने शेजारणीला देऊन टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भावांच्या गॅरेजात येऊन उभी राहिली.

"बाबांची गाडी रस्त्यावर काढायची," ती म्हणाली. "मी चालवणार. डोळे शाबूत आहेत तोवर मी. नंतर तुम्ही तिच्यात कोंबड्या पाळा."

दोघेही हो म्हणाले. वेगवेगळे म्हणाले, भिंतीच्या दोन बाजूंनी म्हणाले, पण म्हणाले.

आता ती भिंत सांगितल्याशिवाय ह्या घराचं काही कळायचं नाही. गॅरेजची वाटणी झाली तेव्हा वडिलांची ती लांबलचक गाडी शेडच्या बरोबर मध्ये उभी होती. तोंड थोरल्याच्या फाटकाकडे, शेपूट धाकट्याच्या. गवंडी आला. थोरला म्हणाला, गाडी तिकडे सरकवायची नाही. धाकटा म्हणाला, इकडून हलवायची नाही. गवंड्याने दोघांची तोंडं पाहिली, कपाळाला हात लावला, आणि गाडीच्या दोन्ही अंगांनी विटा रचून, छपराच्या वर लोखंडी गर्डर टाकून भिंत वरपर्यंत नेली. म्हणजे बॉनेट, पुढची दारं आणि स्टिअरिंग थोरल्याकडे. मागची दारं, मागची सीट आणि डिकी धाकट्याकडे. घशात अडकलेल्या हाडासारखी गाडी भिंतीत बसली ती बसलीच.

तेव्हापासून भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. मुके झाले नाहीत, गाडीशी बोलायचे. थोरला बॉनेटला सांगायचा, "दुपारचा कॉम्प्रेसर बंद ठेवायला सांग बाई, इकडे माणसं झोपतात." धाकटा डिकीला म्हणायचा, "झोपणाऱ्याने घरी झोपावं, गॅरेजात काम करावं." गाडी बिचारी दोन्हीकडचं ऐकायची.

रविवारी सगळे जमले. जमले म्हणजे आपापल्या बाजूला जमले. आत्या मात्र ड्रायव्हरच्या सीटवर बसली, दार सताड उघडं टाकून. तिथून काचेतून थोरला दिसत होता आणि आरशात धाकटा. पंचाला ह्याहून बरी जागा मिळाली नसती.

प्रश्न तसा साधा होता. गाडीच्या अंगावर रंगाचे थरावर थर होते. वडिलांच्या काळचा निळा, त्यावर पांढरा, त्यावर कुणाच्या तरी डोक्यातून निघालेला बदामी. कडा फुगल्या होत्या, डिकीच्या तळाला गंज लागला होता. नवा रंग टिकायचा तर जुना मुळापासून उतरला पाहिजे, खालचा पत्रा उघडा पडला पाहिजे. हाताने खरवडत बसलं तर आत्याचे डोळे आधी जायचे. म्हणून हवेच्या जोराने काहीतरी मारायचं. काय मारायचं, इथे घोडं अडलं होतं.

थोरल्याकडे वाळूचं मशीन. नावाला वाळू, खरी वाळू छातीत जाऊन घर करते म्हणून त्याने ती केव्हाच सोडली होती आणि भट्टीच्या मळीचा काळा चुरा वापरायचा. ट्रकच्या चौकटी, फाटकं, पाण्याच्या टाक्या त्याने उजळल्या होत्या. धाकट्याकडे सोड्याचं मशीन. खायचाच सोडा, फक्त जाड दाण्याचा. दोघांना आपापलं मशीन पोटच्या पोरासारखं, आणि दुसऱ्याचं सवतीच्या पोरासारखं.

"बॉनेटबाई, तुम्हाला सांगतो," थोरला टिचकी मारून म्हणाला, "गंज काढायला वाळूच लागते. सोड्याने पोटातला गॅस जातो."

मागे डिकीवर थाप पडली. "डिकीबाई, ऐकताय ना? ट्रक वेगळा, मोटार वेगळी. वाळूने ट्रक साफ होतो आणि मोटारीचा पत्रा मरतो."

"माझ्या हातून आजवर एक पत्रा मेलेला नाही."

"मेलेला पत्रा तक्रार करायला येतो थोडाच."

"काही लोक पत्र्याला पावडर लावतात आणि त्याला काम म्हणतात."

"काही लोक तर..."

"अरे मी इथे बसलेय," आत्या म्हणाली. "गाडी मी चालवणार आहे. मलाही कुणीतरी विचारा."

"तू थांब गं भोंगा," दोघे एकदम म्हणाले.

भोंगा हे तिचं लहानपणीचं नाव, आवाजावरून पडलेलं. भिंत झाल्यापासून भावांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट.

थोरली वहिनी स्टुलावर बसून हे ऐकत होती. ती शांतपणे म्हणाली, "मी म्हणते, सगळी गाडीच तेजाबाच्या टाकीत बुडवली तर? ना वाळू ना सोडा. भांडणच मिटलं."

"नको काकू," पलीकडून चिमणी म्हणाली. चिमणी ही धाकट्याची लेक; नाव चिमणी, पण दारातून आत यायला तिला वाकावं लागायचं. दोन्हीकडच्या गाड्यांना रंग द्यायचं काम तिचं, कारण तिच्यासारखा हात गावात दुसरा नव्हता आणि थोरल्याची अडचण अहंकारापेक्षा मोठी होती. "तेजाब सांध्यात घुसून बसतं. कितीही धुवा, वर्षाने रंगाखालून घाम फुटल्यासारखं बाहेर येतं. मग लोक टाकीला शिव्या देत नाहीत, मला देतात."

थोरला बायकोकडे वळला. "तू कुणाच्या बाजूची आहेस?"

"मी स्टुलाच्या बाजूची."

गाडीच्या मागच्या सीटवर कुणीतरी खुदकन हसलं. आत्याने आरशात पाहिलं. धाकटी वहिनी पाय वर घेऊन, पाठीला उशी लावून, आपल्या घरच्या कोचावर बसावं तशी बसली होती. आता ह्या बंद गाडीत उशी कुठून आली? आत्याचा पाय सीटखाली कशाला तरी लागला. वाकून पाहते तर दोन कप, पालथे घातलेले, धुतलेले. एक थोरल्याकडच्या निळ्या फुलांचा, एक धाकट्याकडचा हिरव्या काठाचा. तिने आरशात पुन्हा पाहिलं. धाकटी वहिनी एकदम छताकडे बघायला लागली. आत्याने कप पायानेच आत सरकवले. बस चालवणाऱ्या माणसाला आरशात दिसलेलं सगळं बोलून दाखवायचं नसतं, हे चांगलं ठाऊक असतं.

"ऐका," ती म्हणाली. "मी आणि चिमणी भंगारवाल्याकडून एक जुनं दार घेऊन येतो. त्या दारावर दोन्ही मारून बघा. मग ठरवू. तोपर्यंत गाडीला कुणी हात लावायचा नाही. कळलं?"

थोरल्याने मान डोलावली. आरशात धाकट्यानेही डोलावली.

भंगारवाला गल्लीच्या टोकाला. दार निवडता निवडता चिमणीने विचारलं, "आत्या, गाडीत तुझा हिस्सा किती गं?"

"तिसरा."

"मग सांगत का नाहीस?"

"सांगितलं. तुझ्या बापाला सांगितलं, तुझ्या काकाला सांगितलं. दोघांनी आत्ता डोलावल्या तशाच माना डोलावल्या. मान काय, वाऱ्याने गवतही डोलतं." आत्याने एक दार उलटं करून पाहिलं, नाक मुरडलं, परत टाकलं. "त्या गाडीत बाबांनी मला शिकवलं. आधी मला. दादाचे पाय क्लचला पोचायचे, पण डोकं पोचायचं नाही. दर वळणावर गाडी बंद पाडायचा. बारक्याला तर मांडीवर घेऊन बसायला लागायचं. बाबा म्हणाले, ही पोरगी गाडीचं ऐकते. एवढंच म्हणाले. त्यावर मी सगळी नोकरी काढली."

"आणि छप्पर बिघडलं तर?"

आत्या थांबली. "म्हणजे?"

"बॉनेट मिळेल कुठेतरी. दारंही मिळतील. पण एवढं मोठं, एका तुकड्याचं छप्पर आता कुणाकडे नाही. मी चौकशी केलीय. आणि सगळ्या गाडीत तेच जास्त पातळ. पत्रा फुगून त्याला पोट आलं की आत्या, गाडी संपली. नुसती बघायला राहील."

आत्याने पुढचं दार उचललं. त्याच वेळी गल्लीच्या त्या टोकाकडून आवाज आला. कॉम्प्रेसरचा. मग दुसऱ्या कॉम्प्रेसरचा.

"हात लावायचा नाही म्हटलं होतं मी," आत्या म्हणाली आणि दार तिथेच टाकून पळत सुटली.

झालं होतं ते असं. आत्याची पाठ वळताच थोरल्याला वाटलं, बॉनेटचा एवढासा तुकडा करून ठेवू, आली की दाखवू, वाद मिटेल. त्याचा कॉम्प्रेसर घरघरला तसं धाकट्याच्या डोक्यात वीज चमकली, की पुढे गेला की हा. त्याने डिकीवर सोडा सोडला. एक पुढून, एक मागून, मध्ये भिंत. कुणाला कुणाचं दिसत नाही आणि थांबायला कुणी तयार नाही. जगात दुसऱ्या कुठल्या घराने एकाच गाडीला दोन टोकांनी दोन जातीचा मार दिला असेल असं वाटत नाही.

आत्या पोचली तेव्हा धूळ बसत होती. थोरला तोंडावरचा टोप काढून छाती काढून उभा होता. बॉनेट राखाडी, लख्ख, रंगाचा ठिपका नाही.

"बघ," तो म्हणाला. "ह्याला म्हणतात काम."

चिमणी मागून आली. तिने बॉनेटच्या मधोमध अंगठा दाबला.

टुक्, पत्रा म्हणाला.

अंगठा सोडला. टुक्.

डबड्याचं झाकण वाजावं तसा. थोरल्याचा चेहरा उतरला. तो पत्र्याचाच माणूस. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. काळ्या चुऱ्याचा एकेक कण म्हणजे एकेक बारीक हातोडी. ट्रकच्या जाड लोखंडाला ती कळतही नाही. पण पातळ पत्र्यावर जवळून, जोरात, एकाच जागी मारत राहिलं की पत्रा पसरतो, आणि पसरायला जागा मिळाली नाही की पोट काढतो. थोरल्याने ट्रकचं प्रेशर तसंच ठेवलं होतं. हात दाखवून अवलक्षण.

पलीकडे धाकटा हसला. गडगडून हसला. "डिकीबाई, ऐकलंत? टुक् म्हणे. या इकडे, बघा, खरं काम इकडे आहे."

चिमणी गाडीतून वाकून मागे गेली. डिकीचं झाकण खरोखर देखणं झालं होतं, पत्रा सपाट, मऊ, अंगठ्याखाली गप्प. ती म्हणाली, "छान." मग झाकण उघडून डिकीचा तळ दाखवला. "आणि हा गंज?"

गंज होता तसा होता. सोड्याने त्याला नुसती अंघोळ घातली होती.

"तो नंतर घासून..." धाकटा म्हणाला.

"थांबा बाबा." चिमणीने झाकणाच्या कोपऱ्यावर प्रायमरचा एक पट्टा ओढला, गरम हवेने वाळवला, त्यावर चिकटपट्टी दाबली आणि खेचली. प्रायमर सापाच्या कातेसारखा आख्खा निघून आला. "सोड्याची पावडर पत्र्यावर बसलीय. नीट धुवून, कोरडं करून, हाताने कागद मारल्याशिवाय ह्याच्यावर माझा रंग उभा राहायचा नाही. तुम्हाला मी हे दर खेपेला सांगते. तुम्ही दर खेपेला मान डोलावता."

आता थोरला हसला. बॉनेटवर हात ठेवून हसायला गेला आणि बॉनेट म्हणालं, टुक्.

"आवाज बंद," आत्या म्हणाली.

भोंगा वाजला होता. गल्लीतलं कुत्रंसुद्धा भुंकायचं थांबलं.

ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर. "एकाने पुढचं टोक बिघडवलं. एकाने मागचं अर्धवट केलं. झाली आपापली अर्धी करून? आता मला सांगा, मधलं कुणाचं?"

थोरला टोपाचा पट्टा चाचपत राहिला.

"मधलं माझं. छप्पर, दारं, ही सीट, हे चाक. भिंत घातलीत ती माझ्या छपरावर. गवंड्याला विचारलंत, विटावाल्याला विचारलंत. मला विचारलंत?"

"अगं, पण तू कधी मागितलास का हिस्सा?" थोरला पुटपुटला.

"मागायला मी दारावर आलेली भिकारीण आहे? बाबांनी दिलेलं मागायचं नसतं दादा. ते असतं. तुम्हाला आयतं मिळालं ते तुमचं, आणि मला मिळालेलं मी मागून घ्यायचं? कुणाच्या शाळेत शिकलात हे? बारक्या, तू हसू नकोस, आरशात दिसतोयस. ह्या छपराला पोट आलं तर गाडी संपली. मग ह्या भिंतीत तिला कायमची पुरा आणि वर आपापली नावं लिहा. अर्धं अर्धं."

बोलताना तिचा आवाज शेवटी जरा फाटला. मग तिने हँडब्रेक खाली टाकला. गेल्याच आठवड्यात गाडीला चालणारी चाकं बसवली होती.

"वहिनी, ढकला. गाडी बाहेर काढायची."

ढकलायचं म्हणजे मागून, धाकट्याच्या बाजूने. धाकटी वहिनी मागच्या दारातून उतरलीच होती. थोरली वहिनी स्टुलावरून उठली, पुढच्या डाव्या दारातून आत शिरली, सीटच्या पाठीवरून एक पाय टाकला, दुसरा टाकला, आणि मागच्या दारातून पलीकडे उतरली. साडीचा काठ कुठे अडकला नाही, डोकं कुठे आपटलं नाही. एवढी सफाई एका दिवसात येत नाही.

दोन्ही भाऊ बघत राहिले.

"हे कधीपासून?" थोरल्याने विचारलं.

"भिंत ओली होती तेव्हापासून," भिंतीपलीकडून थोरली वहिनी म्हणाली. "तुम्ही बोलत नाही म्हणून आम्हीही तोंड शिवून बसायचं की काय?"

"दुपारी तुम्ही झोपता ना," धाकटी वहिनी म्हणाली. "कॉम्प्रेसर बंद ठेवायला सांगून. तेव्हा आम्ही चहा घेतो."

आत्याने सीटखालून दोन्ही कप काढून डॅशबोर्डवर मांडले. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दोन्ही जावांनी आणि चिमणीने जोर लावला. गाडी कुरकुरली, हलली, आणि इतक्या वर्षांनी भिंतीतून सुटली. थोरल्याच्या शेडमधून, थोरल्याच्या फाटकातून ती गल्लीत आली, उन्हात. बदामी रंग इतका वाईट होता हे कुणाला आजवर कळलं नव्हतं. भिंतीत मागे राहिलं एक भोक, गाडीच्या मापाचं.

"आता माझं ऐका," आत्या म्हणाली. "पातळ पत्र्याला सोडा. बाहेरची सगळी कातडी: छप्पर, दारं, मडगार्डं. जाड आणि गंजकं असेल तिथे वाळू, जोर कमी करून: तळ, चौकट, डिकीची जमीन. सोडा मारलेलं चिमणी धुवेल. आज फक्त छप्पर आणि डिकीचा तळ. बाकीचं सीटा, काचा, इंजिन उतरवल्यावर. पटतंय?"

पटत होतं. पटलेलं कबूल करायला दोघांची तोंडं तयार नव्हती, म्हणून दोघांनी माना डोलावल्या.

"माना नकोत. आणि अजून एक. सोडा दादा मारेल. वाळू बारक्या."

"उलटं म्हणालीस," थोरला म्हणाला.

"सुलटं म्हणाले."

"मला ते मशीन येत नाही."

"म्हणूनच. आपल्या मशीनवर माणूस माज करतो. दुसऱ्याच्या मशीनला भितो. माझ्या छपराला भिणारा माणूस हवाय."

चिमणी तोंड वळवून हसली. दोन्ही वहिन्या उघड हसल्या.

सोड्याचं मशीन धाकट्याकडे, गाडी थोरल्याच्या दारात. नळी आणायला वाट एकच, भिंतीचं भोक. धाकटा नळी खांद्यावर टाकून तिकडून निघाला. गाडीच्या उंचीचं भोक ते, वर गर्डर. तो नळीकडे बघत चालला होता. इकडून थोरला बघत होता. गर्डर कपाळाच्या रेषेत आला.

"अरे डोकं सांभाळ," थोरला ओरडला.

धाकटा जागच्या जागी वाकला. वाकलेलाच राहिला क्षणभर. मग भोकातून इकडे आला आणि सरळ झाला. बॉनेट मध्ये नव्हतं, डिकी मध्ये नव्हती. दोघे एकमेकांसमोर उभे होते आणि दोघांनाही हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. धाकट्याने नळीचं तोंड पुढे केलं. थोरल्याने घेतलं.

ओरडण्यापर्यंत आपोआप झालं होतं, पुढचं अवघड. थोरल्याने टोप घातला, मशीनपुढे वाकला, एक कॉक उघडला. भस्सकन पांढरा लोट उडाला आणि थोरला नखशिखांत मैद्याच्या पोत्यातून काढल्यासारखा झाला. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सांगायला जवळ कुठलंच बॉनेट नव्हतं.

"बारक्या," तो टोपातून म्हणाला, "ह्याचा कॉक कुठल्या बाजूला उघडतो?"

दोन्ही वहिन्यांनी एकमेकींकडे पाहिलं.

"डावीकडे, दादा," धाकटा म्हणाला. "आधी हवा, मग सोडा. नोझल वाकडं धर, समोरून नको. आणि हलतं ठेव. एका जागी थांबायचं नाही." मग, थोड्या वेळाने, बुटाच्या टोकाकडे बघत, "तुझ्या मशीनला प्रेशर किती ठेवू?"

थोरला टोपाआड काय तोंड करत होता ते दिसलं नाही. "मी ठेवलं होतं ना, त्याच्या निम्मं ठेव," तो म्हणाला. "निम्म्याहूनही कमी."

पळताना टाकून दिलेलं दार चिमणीने पुन्हा उचलून आणलं होतं. दोघांनी आधी त्याच्यावर हात बसवला. थोरला सोडा मारताना असा हळू चालत होता, की जणू झोपलेल्या बाळाच्या खोलीतून चालतोय. धाकटा डिकीत वाकून दर थोड्या वेळाने वाळू बंद करायचा, "दादा, एवढं बास?" विचारायचा, थोरला येऊन बोट फिरवून म्हणायचा, "अजून एक हात." तळाचा गंज सुटला, खाली निरोगी लोखंड निघालं.

मग छप्पर. चिमणीने काचा जाड कागदाने झाकल्या, आत्या गाडीतून उतरून बाजूला उभी राहिली. बदामी गेला. पांढरा गेला. निळा आला तेव्हा थोरल्याने आपणहून हवा बंद केली, आणि तिघं भावंडं त्या निळ्याकडे बघत थोडा वेळ उभी राहिली. आत्यानेच शेवटी मान हलवली, आणि निळाही गेला.

छप्पर उघडं पडलं. राखाडी, मंद, एका तुकड्याचं. थोरल्याने टोप काढला. कपाळावर घामाचे ओघळ, भुवया पांढऱ्या.

"दाबून बघ," तो बहिणीला म्हणाला. "मला धीर नाही."

चिमणीने तिला हातमोजा दिला. उघड्या पत्र्याला घामाचा हात लागला की ठसा गंजतो. आत्याने हातमोजा चढवला, टाचा उंच केल्या, छपराच्या मधोमध अंगठा ठेवला आणि दाबला.

पत्रा गप्प.

सोडला. गप्प.

पुन्हा दाबला, अर्धी वीत पुढे, मग मागे, मग कडेला. पत्रा जन्माचा मुका. आत्या टाचांवरून खाली आली आणि तिला एकदम हसू फुटलं, बसमधल्या शेवटच्या सीटपर्यंत जायचं तसं, मोठं. हसता हसता तिने हातमोज्यानेच डोळे पुसले आणि डोळ्यांत सोडा गेला, मग तिला धरून नळापाशी न्यावं लागलं, आणि सगळी गल्ली हसली.

चिमणीने छप्पर धुतलं, कोरडं केलं, कागद मारला. उन्हं कलली होती. "आता आजच प्रायमर पडला पाहिजे," ती म्हणाली. "पत्रा रात्रभर उघडा राहिला तर सकाळी गंजाची लाली येईल. गाडी माझ्या रंगाच्या खोलीत घ्या."

रंगाची खोली धाकट्याच्या शेडच्या पार टोकाला. म्हणजे गाडी परत त्याच भोकातून न्यायची.

"आणि बॉनेटचं पोट?" थोरला म्हणाला. "उद्या मी ठोकून काढतो. पण खालून ठोकळा धरायला कुणीतरी हवं."

"मी धरतो," धाकटा म्हणाला. "पूर्वी मीच धरायचो."

"उद्या कशाला, सवडीने काढा," आत्या म्हणाली. ती स्टिअरिंगवर बसली होती, डोळे लाल. "पहिली चक्कर मी ह्या पोटासकटच मारणार. खड्डा आला की वाजेल. माझा हिस्सा विसरलात की तुम्हाला ऐकू यावा."

दोघा भावांनी हातमोजे घातले आणि पुढून बॉनेटला हात लावले. ह्या खेपेला गाडी उलटी जायची होती. टुक्, बॉनेट म्हणालं. गाडी फाटकातून आत आली, शेडमधून मागे मागे गेली. डिकी भोकात शिरली, मागची दारं शिरली. आणि जिथे ती इतकी वर्षं उभी होती तिथे येताच दोघांचे हात सवयीनेच सैल पडले. गाडी थांबली. अर्धी इकडे, अर्धी तिकडे.

"अगं बाई," धाकटी वहिनी म्हणाली, "ही पार तिकडे गेली तर आम्ही दोघींनी बसायचं कुठे?"

"भोक राहणारच आहे ना," थोरली वहिनी म्हणाली. "वेताचा मोढा टाकू तिथे. दोन टाकू."

आत्याने हॉर्नवर तळवा दाबला. तार तुटलेली, वाजला नाही. मग तिने स्वतःचाच आवाज दिला, डेपोत घुमायचा तो.

"थांबायचं नाही. शेवटचा स्टॉप पुढे आहे."

टुक्. गाडी हलली. स्टिअरिंग भिंतीतून पलीकडे गेलं, बॉनेट गेलं, आणि त्यामागे ढकलत ढकलत गर्डरखाली आले तेव्हा थोरल्याने आणि धाकट्याने एकाच वेळी मान खाली घातली.

"डोकी सांभाळा," आत्या काचेतून म्हणाली.

दोघांनी सांभाळली, आणि दोघे एकाच बाजूला निघाले.